शकूच्या पोटात काही राहत नाय

...आणि वर मलाच विचारते, "अवो, व्हिडिओत तुमी हसत का नवता?" आता तुम्हीच सांगा, मूळव्याधीचं ऑपरेशन झालेला माणूस, हॉस्पिटलातून माजिवड्यापर्यंत रिक्षात एका अंगावर कलून आलेला माणूस, दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच समोर मोबाईल, मोबाईलच्या मागे बायको, आणि बायको ओरडतेय, "हॅलो फ्रेंड्स, आमचे हे घरी आलेले आहेत, ऑपरेशन एकदम व्यवस्थित झालेलं आहे, कसलं ते तुम्हाला माहितीच आहे!"... माहितीच आहे? कसं काय माहितीय? तर बोलते, कालच सांगितलं की लाईव्हमध्ये! अहो, लोकांना काय करायचंय हो? मूळव्याध माझी, दुखतंय मला, बसता येत नाय मला... लोकांना काय करायचंय?

बरं, तेवढ्यावर थांबलं असतं तर मी काय बोललो नसतो. जरा बरं वाटल्यावर मासळी बाजारात गेलो. पापलेट हातात घेऊन बघतोय, तर कोळीण मला भाव सांगायच्या आधी विचारते, "काय दादा, बसायला जमतंय का आता?" आख्ख्या बाजारासमोर! बाजूची बोलते, "सुरण खा दादा, सुरण." तिसरी बोलते, "सुरण नको गं, ताक प्यायला सांग." मी पापलेट तिथंच ठेवलं आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. तर दारात बायको! मोबाईल घेऊन! "आज काय आणलंय आमच्या यांनी, बघू या फ्रेंड्स!" काय आणलंय? अब्रू घालवून आणलीय, बघा!

तुम्हाला सांगतो, मी परशुराम केणे. मूळचा माजिवड्याचा. आमच्या आजोबांचं खाडीला मिठागर होतं, बापाची भातशेती होती, माझ्या वाट्याला बिल्डरची बिल्डिंग आली आणि तिच्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. वागळे इस्टेटला कंपनीत फिटर म्हणून हयात काढली. रिटायर झालो तेव्हा वाटलेलं, आता आरामात खुर्ची टाकून पेपर वाचू. पण आमच्या घरात माणूस नुसता बसूच शकत नाय. कुठल्या क्षणी मागून कॅमेरा येईल आणि तुम्ही बनियनमध्ये जगाला दिसाल, नेम नाय! मी हल्ली झोपतो पण शर्ट घालून.

बायको माझी, शकू. शकुंतला. साधी बाई हो! लग्न होऊन आली तेव्हा चार माणसांत तोंडातून शब्द फुटत नव्हता तिच्या. मग हे सगळं कुठून आलं? सांगतो. आम्हाला एकच मुलगी, करिश्मा. शिकली, वागळे इस्टेटमध्येच एका ऑफिसात अकाउंट्सला लागली, लग्न करून डोंबिवलीला गेली. जावई प्रेम, सोन्यासारखा पोरगा. पण पोरगी गेली आणि घर असं भकास झालं... मी आपला कट्ट्यावर जायचो, शकू करणार काय? भिंतींशी बोलणार? आमच्या बाजूला रुचिता राहते, तरुण सून आहे शेजाऱ्यांची, ती एकदा बोलली, "काकू, तुमच्या हातचं करंदीचं कालवण एवढं भारी, व्हिडिओ टाका ना!" आणि टाकला. "माजिवड्याची शकू" नाव दिलं रुचितानेच. खाली कोणा बाईने लिहिलं, "मावशी, तुमचा आवाज माझ्या आईसारखा आहे." शकूने ते मला मोठ्याने वाचायला लावलं. परत वाचायला लावलं. मग मोबाईल पदराला पुसला... आता मी काय तिला बंद कर बोलणार? सगळ्या जन्मात तिला कोणी विचारलं नव्हतं, शकू, तुझं काय? मी पण विचारलेलं नाय. आणि आता रोज सकाळी शंभर बाया विचारतात, "काकू, जेवलात का?"

पण कालवणाचं काय आहे, ते संपतं हो! किती कालवणं करणार? करंदी झाली, खाडीतल्या निवट्या झाल्या, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या... मग आलं घर. कपाट. देव्हारा. माझी औषधं. माझं घोरणं! हो, माझं घोरणं टाकलंय तिने, वर हसणारं गाणं लावून. मी मासळी घेऊन आलो की बोलायची, "परत एकदा या. नीट या. आत येताना 'अगं ऐकलंस का' बोला." अगं, आख्ख्या संसारात मी कधी 'अगं ऐकलंस का' बोललोय? मी येतो, पिशवी ठेवतो, पंखा लावतो! पण नाय. तीनदा जिना उतरलोय मी, तीनदा चढलोय, सुरमई बर्फातून काढून परत पिशवीत घातलीय... आणि जेवायला बसलो तर, "थांबा, हात नका लावू, फोटो!" भात गार, कालवण गार, माणूस गरम!

आणि भाषा! कॅमेरा बंद असला की, "अवो, कई चालले? पिशवी धरा ना!" आणि बटण दाबलं की लगेच, "तर मैत्रिणींनो, आज आपण पाहणार आहोत..." आपण पाहणार आहोत! कोण ही बाई? मी वळून बघतो, घरात कोण पाहुणी आली काय! लोकांना काय करायचंय हो आमच्या कपाटात साड्या किती आणि आमच्या नवऱ्याला शुगर किती... पण लोकांना करायचं असतं. तीच तर गंमत आहे. लोकांना दुसरं कामच नसतं.

तरी मी हसून घेत होतो. खोटं नाय बोलणार, कट्ट्यावर मित्र बोलायचे, "काय हिरो!" तर बरं पण वाटायचं. असं वाटायचं, चालतंय, आपली मूळव्याध जगाला कळली तर आपलं काय जातं, फार तर बाजारात जायची पंचाईत. पण सगळं काय आपलं नसतं ना घरात. काही दुसऱ्याचं पण असतं.

करिश्माच्या लग्नाला चार वर्षं झालेली. मूल होत नव्हतं. डॉक्टर चालू, गोळ्या चालू, इंजेक्शनं चालू. ती बोलायची नाय, आम्ही विचारायचो नाय. आणि एका रविवारी ती आली, मला बोलली, "बाबा, तुम्ही जरा टीव्ही बघा," आणि आईला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि दार लावलं. आता आमचा फ्लॅट केवढासा! टीव्ही बघताना मला सगळं ऐकू येत होतं. बोलली, "आई, राहिलंय. पण अजून कोणाला सांगायचं नाही. डॉक्टर बोलले, तीन महिने जाऊ दे. मी सासूला पण सांगितलेलं नाही. फक्त तुला सांगतेय, कारण मला राहवलं नाही." आणि शकूने एकविरेची आण घेतली हो! एकविरा आईची! आमच्यात त्या आणेच्या वर दुसरी आण नाय. मग दोघी रडल्या, मग हसल्या, मग मला आत बोलावलं आणि मी असं दाखवलं की मला आत्ताच कळलं.

दुसरा दिवस. मी कट्ट्यावरून आलो तर रुचिता जिन्यात, "काका, पेढे कुठायत?" मी बोललो, कसले पेढे? तर तिने मोबाईल पुढे केला. काय बघतो... आमचीच खिडकी. खिडकीत आमची शकू, पाठमोरी. हातात एवढुसं टोपडं. मागे गाणं. आणि खाली अक्षरं, "आमच्याकडे येणार छोटा पाहुणा! ओळखा बघू कोणाकडे?"

मी वर गेलो. बोललो, शकू, हे काय? तर शांतपणे काय बोलते, "मी नाव कुठं घेतलं?"

नाव कुठं घेतलं! अगं, मुलगी एकच आपल्याला! मग पाहुणा येणार कोणाकडे, माझ्याकडे?

"माज्या पोटान राहिना," बोलली. "एवढी आनंदाची गोष्ट, आणि मी कालवण दाखवत बसू?"

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. आवाज असा गोड की अंगावर काटा यावा. "अभिनंदन हो शकुंतलाताई! आम्हाला पण आत्ताच समजलं. मोबाईलवर." मोबाईलवर! एका घरात राहतात सासू-सून, एका कुकरचा भात खातात, आणि सासूला बातमी मोबाईलवर! मग करिश्माचा फोन. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच बोलली, "आई, डिलीट कर." शकूने लगेच केलं. रुचिताला बोलवून केलं. पण तोपर्यंत रुचितानेच ते गावाच्या ग्रुपवर टाकलेलं, गावाच्या ग्रुपवरून महिला मंडळाच्या ग्रुपवर, तिथून आमच्या सगळ्या भावकीत, माजिवड्यापासून आंबिवलीपर्यंत! डिलीट करून काय होतं? पाण्यात मीठ टाकलं की परत बाहेर काढता येतं काय? मिठागरवाल्याच्या घरात हे सांगायला लागतंय, बघा!

तरी करिश्मा निवळली. पोरगी आहे ना, किती दिवस रागावणार. बोलली, जाऊ दे, झालं ते झालं.

आणि काही आठवड्यांनी प्रेमचा फोन आला. दुपारची वेळ. "बाबा, तुम्ही आणि आई जरा डोंबिवलीला या. करिश्माला ॲडमिट केलंय." त्याचा आवाज ऐकला आणि मी लगेच स्कूटरची चावी घेतली.

ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली. आम्ही आलो ते तिला कळलं, पण वळली नाय. प्रेम बाहेर पॅसेजमध्ये नुसता उभा, हातात तिच्या चपला घेऊन. का घेऊन उभा होता काय माहिती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो बोलला, "बाबा, मी ठीक आहे." ठीक होता कसला! आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो, मी आणि शकू. आणि शकूचा मोबाईल वाजला. टिंग. परत टिंग. तिने बघितलं, मी पण बघितलं. कोणीतरी लिहिलेलं, "काकू, डोहाळेजेवणाचा व्हिडिओ कधी? आम्ही वाट बघतोय." खाली फुगे. रंगीत फुगे! शकूने मोबाईल मांडीवर पालथा घातला. तो पालथा वाजत राहिला. टिंग. टिंग. बंद कर बोललो, तर तिला बंद करायचं बटण सापडेना.

आता मला सांगा... आनंदाची बातमी सगळ्यांना सांगितली, बरोबर? मग दुःखाची बातमी कोण सांगणार? पेढे मागणारे शंभर, त्यांना एकेकाला गाठून सांगायचं काय, की बाबांनो, पेढे कॅन्सल? कोणी सांगितलं नाय. मी नाय, शकूने नाय. करिश्माने ऑफिसात पण सांगितलं नव्हतं, तिथे मलेरिया झाला म्हणून रजा टाकलेली. सगळे गप्प. वाटलं, लोक विसरतील. लोक विसरतात काय हो? लोक स्वतःच्या बायकोचा वाढदिवस विसरतात, आमच्या घरातलं नाय विसरत!

मग आली माझ्या पुतण्याची हळद. दर्शनची. आमच्यात हळद म्हणजे लग्नाच्या वरचढ, मांडव, डीजे, गावजेवण, सगळं गाव लोटतं. करिश्मा येते की नाय ते नक्की नव्हतं. पण आली. पिवळी साडी नेसून, प्रेमबरोबर, हसत. मला एवढं बरं वाटलं! आणि तेवढ्यात माझी मोठी बहीण, जनाबाई... वय झालंय, कान गेलेत, मनाने वाईट नाय, पण आवाज असा की डीजेच्या वर ऐकू येतो. हळदीचे दोन्ही हात भरलेले, तशीच पुढे आली आणि करिश्माच्या पोटावर हात ठेवला. "कितवा गो बाय? पाचवा लागला ना?"

करिश्मा बोलली, "नाही आत्या."

"नाय कसा? मीच मोबाईलवर बगितलं ना! टोपडं बगितलं!"

मागून कोण बाई बोलली, "नजर लागंल म्हणून लपवते ती." सगळ्या हसल्या. मायेने हसल्या हो, तेच तर वाईट आहे. एकीच्या मनात पण काही नव्हतं. आणि माझी पोरगी... ती पण हसली. हसत हसत मोरीत गेली, साडीवरचे ते पिवळे पंजे पाण्याने चोळत बसली. हळद जाते काय पाण्याने? बाहेर आली ती सरळ गाडीकडे. जेवली नाय. मी मागे धावलो, प्रेम बोलला, "बाबा, राहू दे आज."

घरी जाऊन तिने आईला फोन केला. मी बाजूलाच होतो. बोलली, "आई, ती बातमी तूच सगळ्यांना दिलेलीस ना? मग आता हे पण तूच सांग सगळ्यांना." आणि फोन ठेवला.

आता हे माणूस कुठल्या आवाजात बोलतो ते कळायला नको? पोरीचं काळीज जळत होतं म्हणून ती बोलली! पण आमच्या शकूने काय केलं... शकूने ऐकलं! शब्दाला शब्द धरून ऐकलं! दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलेलो, पासबुक भरायला. आलो तर बाई तोंड धुवून, केस विंचरून, देव्हाऱ्यासमोर बसलेली, डोळे सुजलेले. बोलली, "सांगितलं मी सगळ्यांना. करिश्मा बोललेली तसं." मी तिचा मोबाईल उचलला.

काय नव्हतं हो त्या व्हिडिओत! डोंबिवलीचं हॉस्पिटल होतं, गोळ्या-इंजेक्शनं होती, चार वर्षं होती, सासूला सांगितलं नव्हतं ते होतं, भिंतीकडे तोंड करून झोपलेली ते होतं. रडत होती शकू, खरं रडत होती, नाटक नव्हतं त्यात. "करिश्मा, मला माफ कर, माझ्या पोटात काही राहत नाय गो..." आणि तुम्हाला सांगतो, आख्ख्या जन्मात तिचा एवढा कुठलाच व्हिडिओ चालला नाय! करंदी नाय, सुरमई नाय, माझी मूळव्याध नाय... लाखोंनी बघितला! माझ्या पोरीचं दुःख लाखोंनी बघितलं! कोणी हात जोडलेले, कोणी तुटलेली हृदयं टाकलेली. एक बोलतो, नोकरी करणाऱ्या मुलींचं असंच होतं. एक बोलते, ट्रेनचे धक्के. एक बोलतो, अमुक बाबांचा अंगारा लावा. आणि एक बाई, एवढ्या सगळ्यात, काय लिहिते? "काकू, साडी छान आहे, कुठून घेतली?" अरे, लोकांना काय करायचंय? काय करायचंय लोकांना?

दोन दिवसांत करिश्माच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितलेला. ती जेवायच्या डब्याला बसली की बाकीच्या पोरी बोलायच्या थांबायच्या. तिचा साहेब तिला बोलला, "बरं नव्हतं तर सांगायचं ना, मलेरिया कशाला बोललीस?" एवढ्या जिवावरच्या गोष्टीत पोरगी खोटी पडली.

तिने आईचा नंबर ब्लॉक केला. फेसबुकवर ब्लॉक, सगळीकडे ब्लॉक. गणपतीत आली नाय. दिवाळीला प्रेम एकटा येऊन फराळ देऊन गेला. आणि त्याच आठवड्यात शकूला फोन. कुठल्या तरी मसाल्याच्या कंपनीतून. मुलगी गोड बोलत होती, "मॅडम, तुमचा तो इमोशनल व्हिडिओ खूप रिच झाला, तशाच टाइपमध्ये आमच्या मसाल्याचं काही करता येईल का? आई-मुलीचं नातं, असं काहीतरी?" शकूने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता शिव्या देणार. तर बोलली, "माजी मुलगी नाय बोलत माज्याशी." आणि फोन ठेवला. त्या दिवशी मोबाईल गेला तो फ्रीजच्या वर. तिथंच पडून असतो. कोणाचा फोन आला की मी स्टूल घेऊन काढून देतो.

तुम्हाला वाटेल, सुटलो! शांतता! शर्ट काढून झोपा! काय सांगू तुम्हाला, ती शांतता बघवत नाय हो. बाई सकाळपासून चुलीपुढे, बोलत नाय, गुणगुणत नाय. एकदा मी स्वतःहून मासळी घेऊन आलो आणि दारात बोललो, "अगं ऐकलंस का..." तिने पिशवी घेतली आणि आत गेली.

पण डबा चालू होता. तेवढा एक धागा राहिलेला. दर पंधरवड्याला शकू डबा भरायची, मी स्कूटर काढायचो, माणकोलीच्या पुलावरून डोंबिवलीला. करिश्मा डबा घ्यायची. "आई कशी आहे" विचारायची नाय, पण डबा घ्यायची, आणि मागच्या वेळचा रिकामा, घासलेला परत द्यायची. मला वाटायचं, जोपर्यंत डबा घासून येतोय तोपर्यंत आशा आहे.

असाच एकदा गेलेलो. पोरीने चहा ठेवला, डबा उघडून बघितला, झटकन झाकण लावलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. "बाबा, एक सांगायचंय. पण आधी आण घ्या."

मी बोललो, एकविरेची...

"नको. ती आईने घेतलेली. तुमच्या स्कूटरची घ्या."

बघा, म्हणजे पोरगी बापाला किती ओळखून! घेतली स्कूटरची आण. तर बोलली, "बाबा, परत राहिलंय. चौथा चालू आहे. सगळं ठीक आहे, डॉक्टर बोलले. पण आईला कळता कामा नये. तिला कळलं ना बाबा, तर मी तुमच्यासाठी पण दार उघडणार नाही. रागाने नाही बोलत. मला भीती वाटते."

आईची भीती वाटते, बोलली. मी चहा कसा प्यायलो, मला माहिती नाय.

आणि मग माझे हाल सुरू झाले! बायकांनी नऊ महिने पोटात बाळ वागवावं, मी ही एवढी बातमी वागवायची! आनंदाने ओरडावं असं वाटतंय, आणि समोर शकू, ताटात भात वाढतेय आणि विचारतेय, "करिश्मा बरी हाय ना?" मी बोलायचो, "हं." "बारीक झाली काय?" "नाय." "मग जाडी झाली?" मला ठसका! पाणी! मी हल्ली तिच्या डोळ्यांत बघून बोलतच नव्हतो. एकटाच हसायचो, मग अपचन झालंय बोलायचो. कट्ट्यावर तोंड उघडायला गेलो की स्वतःच्याच मांडीला चिमटा काढायचो. तेव्हा मला कळलं, गोष्ट पोटात ठेवणं म्हणजे काय असतं... मूळव्याधीपेक्षा वाईट!

परवा काय झालं. मी कट्ट्यावरून जरा लवकर आलो. आतल्या खोलीत शकू जमिनीवर बसलेली, तिच्या आईचं जुनं मऊ लुगडं फाडून समोर ठेवलेलं, आणि सुई-दोरा. बाजूला छोटी छोटी दुपटी, घडी घालून. एक नाय, चांगला ढीग. मी दारात थिजलो. बोललो, हे कोणासाठी?

तिने मान पण वर केली नाय. "मना ठाव हाय," बोलली.

मी बोललो, काय ठाव हाय? मी काय बोललो नाय हां! मी एक अक्षर...

"तुमी नाय बोलला. डबा बोलला. बाकी सगलं संपलं, सुके बोंबील तेवढे पिशवीन तसेच्या तसे परत आले. माज्या पोटान होती तवापासून बोंबलाशिवाय जेवली नाय ती, आनि आता तिला वास येतो? मागच्या टायमाला राहिलं तवा पन पयला बोंबीलच सोडला तिने. मंग मी कैरीचं लोनचं घातलं, तर बरनी चाटूनपुसून आली." दोरा दाताने तोडला. "चार महिनं झालं असतील. का पाच?"

म्हणजे तिला आधीपासून माहिती होतं! मी मान खाली घालून ठसके देत होतो, अपचन अपचन करत होतो, आणि ही बाई, जिच्या पोटात काही राहत नाय म्हणून आख्खी भावकी हसते, ती सगळं ओळखून गप्प! रुचिताला नाय, बहिणीला नाय, मला नाय! फ्रीजवर हात सुद्धा गेला नाय तिचा!

मी बोललो, मग मला तरी बोलायचं ना गं.

"तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तिला समजलं असतं." मग पहिल्यांदा वर बघितलं. "तिला सांगू नका हां, मना कललंय ते. घाबरंल ती. ही दुपटी पन मी शिवली म्हणून नका देऊ. बोला, बाजारातून घेतली."

आता सांगा, काय करू मी? करिश्माला सांगावं, पोरी, तुझ्या आईला माहितीय आणि ती कोणाला बोललेली नाय, शिकली ती... तर करिश्मा काय बोलणार? बोलणार, बाबा, तुम्हीच फोडलं! बोंबलाने सांगितलं, यावर डोंबिवलीत कोण विश्वास ठेवेल? आणि नाय सांगितलं, तर नातवंड येईल, बारसं होईल, आणि आजी माजिवड्यात बसून ज्या दुपट्यांना टाके घालतेय त्यात ते पोर गुंडाळलेलं असेल आणि कोणाला माहिती नसेल. लेक आईपासून लपवतेय, आई लेकीपासून लपवतेय, आणि मधे मी, स्कूटरवर, इकडचं तिकडे नेतोय... फक्त डबा. आज पण तिकडेच निघालोय, दुपटी आहेत पिशवीत. बाजारातून घेतलेली!

शकू आता कोणालाच काही सांगत नाय. तिला जमलं. आणि मी बघा... इथे जरा टेकायला बसलो काय, तुम्ही पाणी विचारलं काय, आणि मी मूळव्याधीपासून सुरू केलं ते पाचव्या महिन्यापर्यंत येऊन थांबलो! ना ओळख, ना पाळख! ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, आणि गुण लागला तो अशा वेळेला, जेव्हा ढवळ्याने तो सोडला! तेव्हा एक करा, हात जोडतो, हे कोणाला बोलू नका. तुमच्यातच ठेवा. तुमचं काय जातं, तुम्ही कुठले आणि आम्ही कुठले...

बाय द वे, तुम्ही कुठले?

डोंबिवली? ...ईस्ट?

...आणि मिसेस कुठे असतात कामाला? ...वागळे इस्टेट. अकाउंट्सला.

जाऊ दे. पाणी द्या अजून एक ग्लास.